शब्दांचे सोयरे

हिंजवडीच्या आयटी पार्कात कुठल्याही कंपनीच्या फाटकावर जा, टेबलावर एक जाडजूड रजिस्टर उघडं पडलेलं असतं. रकाने थोड्याफार फरकाने तेच: नेम, कमिंग फ्रॉम, हूम टू मीट, पर्पज, इन टाइम, आउट टाइम, सिग्नेचर. गेटवरचा सिक्युरिटीवाला हे शब्द कुठल्या क्लासात शिकलेला नसतो. पण 'पर्पज' म्हणजे काय, हे त्याला झोपेतून उठवून विचारलं तरी तो सांगेल, आणि त्या रकान्यात 'इंटरव्ह्यू' लिहायचं की 'डिलिव्हरी' की 'एसी रिपेअर' तेही. त्यालाच शाळेच्या पुस्तकातले धड्याखालचे शब्दार्थ विचारा. परीक्षेच्या दुसऱ्या दिवशीच ते गेलेले असतात.

हिंजवडी आणि माण ही गावं मुळशी तालुक्यात मोडतात, हे पुण्यात जन्म काढलेल्यांनाही पुष्कळदा ठाऊक नसतं. तालुका भाताचा, डोंगराचा, धरणाचा. पण इंग्रजी त्याच्या दारात जितक्या वेगवेगळ्या वेशांत येऊन उभी राहते तितकी ती दुसऱ्या ग्रामीण तालुक्यात क्वचितच येत असेल. हिंजवडीत सॉफ्टवेअर, पिरंगुट-उरवड्याच्या पट्ट्यात कारखाने, लवळ्याच्या टेकड्यांवर सिम्बायोसिस आणि फ्लेम ही विद्यापीठं, दासव्याला लवासा, ताम्हिणी घाटाच्या वाटेवर पावसाळी पर्यटक आणि रिसॉर्ट, आणि जिथे तिथे जमिनीचे व्यवहार. कॅब चालवणारा, हाउसकीपिंगच्या ताई, आयटीआय करून लागलेला फिटर, रिसॉर्टवरचा वेटर, प्लॉटिंगचा एजंट, सगळ्यांनाच इंग्रजी लागते, आणि प्रत्येकाला वेगळी लागते.

महाराष्ट्रात मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी आली ती २००० साली. त्याआधी ती पाचवीत सुरू होई. त्या जूनमध्ये पहिलीत बसलेलं मूल आज तिशी ओलांडून गेलं. दहा वर्षं हा विषय शिकूनही त्यातल्या कितीतरी जणांना फोनवर आजारपणाची रजा मागताना घाम फुटतो. आपल्याकडे शब्द कमी आहेत, असं त्यांना वाटतं. मला तसं वाटत नाही. 'फीव्हर', 'लीव्ह', 'टुडे', 'ड्यूटी', 'डॉक्टर' हे सगळे शब्द त्यांच्याकडे आहेत. ठाऊक नसतं ते या शब्दांचं गणगोत. कुठल्या शब्दाची कुणाशी सोयरीक जमते आणि कुणाशी जमत नाही, हे कुणी सांगितलेलंच नसतं.

आधी शब्द किती लागतात ते पाहू, कारण 'फाडफाड इंग्रजी'च्या जाहिरातींनी त्या आकड्याची भलतीच धास्ती घालून ठेवली आहे. मायकेल वेस्ट नावाचे एक इंग्रज शिक्षक १९२० च्या दशकात ढाक्याच्या शिक्षक प्रशिक्षण महाविद्यालयात होते. बंगाली मुलं इंग्रजी वाचताना कुठे अडतात ते त्यांनी पाहिलं. पुस्तकं क्वचित भेटणाऱ्या शब्दांनी भरलेली होती, आणि नवे शब्द इतके दाटीवाटीने येत की एकही ओळखीचा होईना. वेस्टनी वाचनपुस्तकांतले दुर्मीळ शब्द काढून तिथे रोजचे घातले. पुढे १९५३ मध्ये त्यांच्या नावावर सुमारे २,००० शब्दांची यादी प्रसिद्ध झाली. जगभर इंग्रजी शिकवणाऱ्यांनी ती अनेक दशकं वापरली. साध्या इंग्रजी लिखाणातल्या शंभर शब्दांपैकी साधारण ऐंशी शब्द या २,००० मध्ये सापडतात.

ऐंशी टक्के ऐकायला बरं वाटतं. पण त्याचा अर्थ दर पाचवा शब्द अनोळखी, आणि वाक्यातलं मर्म नेमकं त्यातच दडलेलं असतं. तो पाचवा शब्द तुमच्या धंद्याचा असतो. फिटरला 'टॉलरन्स' आणि 'टॉर्क' हवा, रिसॉर्टवाल्याला 'चेकआउट' आणि 'रिफंड', नर्सला 'स्वेलिंग' आणि 'डोस'. सर्वांसाठी एकच 'रोज दहा शब्द' छापणारी पुस्तकं म्हणूनच मला फारशी पटत नाहीत. पहिले २,००० सर्वांचे, त्यापुढचे ज्याचे त्याने आपल्या कामाच्या जागेवरून उचलायचे. फाटकावरचं रजिस्टर, यंत्रावरची पट्टी, औषधाचं वेष्टन, पगाराची स्लिप हीच त्यांची पुस्तकं.

आता सोयरिकीकडे येऊ. आपलं 'लावणे' घ्या. पावसाळ्यात मुळशीच्या खाचरांत भात लावतात. घरात दिवा लावतात, दार लावतात, टीव्ही लावतात, जखमेला हळद लावतात, बांधावर आंब्याचं कलम लावतात, पोराला क्लास लावतात, दवाखान्यात नंबर लावतात, पुण्याच्या पाहुण्याला फोन लावतात आणि निवडणुकीच्या निकालावर पैज लावतात. आपल्याला हे एकच क्रियापद दिसतं. इंग्रजीत मात्र प्रत्येक वेळी ते वेष बदलतं. दिवा 'लाइट' करायचा, दार 'शट' करायचं, टीव्ही 'टर्न ऑन', हळद 'अप्लाय', झाड 'प्लान्ट', फोन सरळ 'कॉल', आणि पैज 'बेट'. भाताच्या लावणीला 'प्लान्ट' पुरत नाही. रोप तरव्यात वाढवून मग खाचरात न्यायचं, म्हणून ते 'ट्रान्सप्लान्ट'. किडनी एका शरीरातून काढून दुसऱ्यात बसवतात त्यालाही हाच शब्द. ज्याला भाताची लावणी ठाऊक आहे त्याला हॉस्पिटलच्या कागदावरचा 'रीनल ट्रान्सप्लान्ट' अर्धा तरी समजायला हरकत नाही.

उलट्या दिशेनेही तेच. 'टेक म्हणजे घेणे' असं वहीत लिहिणं ही सर्वात वाईट नोंद. औषध घेतात तिथे 'टेक' चालतं, पण फोटो आपण काढतो, बस पकडतो, वेळ लागतो, आणि इंग्रजीत या सगळ्याला 'टेक'. गंमत परीक्षेची. आपण परीक्षा देतो, म्हणून पोरं 'आय गेव्ह द एक्झाम' म्हणतात. इंग्रजी ऐकणाऱ्याला वाटतं, हे मास्तर असावेत, कारण त्याच्याकडे परीक्षा देतो तो शिक्षक आणि 'टेक' करतो तो विद्यार्थी.

विशेषणांचं गोत्र तर आणखी कडक. हा 'कडक'च पाहा. कडक चहा, कडक ऊन, कडक शिस्त, कडक इस्त्री, कोरी कडक नोट. इंग्रजीत चहा 'स्ट्राँग', ऊन 'स्कॉर्चिंग', शिस्त 'स्ट्रिक्ट', नोट 'क्रिस्प'. यातला एक दुसऱ्याच्या जागी सहसा बसत नाही. ताम्हिणीला गाडी घेऊन जाणाऱ्या चालकाला 'रेन', 'फॉग', 'टर्न', 'स्लोप' हे चार शब्द येत असतात, पण पर्यटकाला सांगताना तो चारहींना 'व्हेरी बिग' लावतो. पाऊस 'हेवी', धुकं 'थिक', वळण 'शार्प', उतार 'स्टीप'. चार जोड्या, आणि घाटाचं अख्खं वर्णन झालं. 'हेवी' ही जोडी ट्रॅफिकलाही चालते, म्हणजे परतीच्या वाटेवर पुण्याच्या चांदणी चौकातही तीच कामी येते.

आपल्या थोरांनी ही गोष्ट फार आधी ओळखली होती. बाळशास्त्री जांभेकरांनी ६ जानेवारी १८३२ रोजी 'दर्पण' काढलं, ते पानावर शेजारी शेजारी मराठी आणि इंग्रजी स्तंभ घेऊन. वाचणारा एका स्तंभातून दुसऱ्यात डोकावू शके. पुढच्या काळात तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेने मराठी घरांतल्या कित्येक पिढ्या इंग्रजीला लावल्या. तिच्या वाक्यांना आज जुना वास येतो, पण शब्द सुटा न देता वाक्यात द्यायचा आणि भाषांतर दोन्ही बाजूंनी करून घ्यायचं, ही तिची पद्धत अजून शिळी झालेली नाही. तिकडे जपानात शिकवता शिकवता ए. एस. हॉर्नबी यांनी शिकाऊंसाठी इंग्रजी शब्दकोश केला. तो १९४२ मध्ये टोकियोत निघाला. कुठल्या क्रियापदापुढे काय येतं आणि काय येत नाही, हे त्यात बांधणीनिशी दिलेलं होतं. ऑक्सफर्डचा शिकाऊंसाठीचा शब्दकोश त्यातूनच वाढला. पहिल्या हजारेक शब्दांनंतर इंग्रजी-मराठी कोश बाजूला ठेवून असा कोश जवळ करावा, असं माझं मत आहे. आज तो मोबाइलवरही फुकट बघता येतो.

ऑफिसच्या इंग्रजीत सर्वात महाग पडणारी आपली दोन अव्ययं म्हणजे 'पर्यंत' आणि 'पासून'. 'सोमवारपर्यंत थांबा' आणि 'सोमवारपर्यंत काम द्या', दोन्हीकडे आपलं 'पर्यंत' एकच. इंग्रजीत पहिलं 'टिल' किंवा 'अनटिल', दुसरं 'बाय'. थांबणं सोमवार उजाडेतो चालूच राहतं. काम मात्र सोमवारच्या आत कधीही एकदा हातावेगळं करायचं असतं. हिंजवडीतून परदेशी ग्राहकाला 'आय विल सेंड द फाइल टिल मंडे' गेलं, तर हा माणूस सोमवार येईस्तोवर रोज फाइल पाठवत बसणार की काय, असं तिकडच्याला वाटेल. 'बाय मंडे' म्हणजे मुदत. एवढं एक छोटं अव्यय नीट बसलं तरी निम्मे ईमेल सुधारतील.

'पासून'चंही असंच आहे. 'कालपासून ताप आहे' आणि 'दोन दिवसांपासून ताप आहे'. पहिल्यात सुरुवातीची खूण आहे, तिथे 'सिन्स येस्टरडे'. दुसऱ्यात लांबी मोजली आहे, तिथे 'फॉर टू डेज'. 'सिन्स टू डेज' हे आपल्याकडचं खास उत्पादन. रजेचा तो फोन आता करून टाकू: 'आय हॅव हॅड अ फीव्हर सिन्स येस्टरडे. आय कान्ट कम टू वर्क टुडे. आय विल सी अ डॉक्टर अँड लेट यू नो बाय इव्हनिंग.' यात नवा शब्द एकही नाही. 'डॉक्टरला दाखवणे' इथे 'सी अ डॉक्टर' झालं आणि 'कळवतो' हे 'लेट यू नो' झालं, बस्स. 'माय हेड इज पेनिंग' म्हणणाऱ्यांनी 'आय हॅव अ हेडेक' एकदाच पाठ करावं आणि मोकळं व्हावं.

मानपानाची गोष्ट वेगळी सांगायला हवी, कारण तिथे शब्द बरोबर असूनही माणूस उद्धट ठरतो. मराठीत आदर क्रियापदातच असतो. 'दे', 'द्या', 'द्याल का जरा'. सिक्युरिटीवाले काका 'साहेब, आयडी दाखवा' म्हणतात तेव्हा 'साहेब' आणि 'दाखवा' या दोहोंत पुरेसा मान आलेला असतो. तेच 'शो मी युवर आयडी' झालं की मान गळून पडतो आणि हुकूम उरतो. इंग्रजीतला 'यू' तू, तुम्ही, आपण या तिघांनाही एकाच पाटावर बसवतो. म्हणून तिथे मान वाक्याच्या तोंडाशी ठेवतात: 'मे आय सी युवर आयडी, प्लीज?', 'कुड यू वेट हिअर?' एक सापळा मात्र ध्यानात ठेवा. 'वुड यू माइंड वेटिंग?' असं कुणी विचारलं आणि तुमची थांबायला हरकत नसेल, तर उत्तर 'नो' असं द्यायचं. प्रश्न हरकतीचा आहे. उत्साहाने 'येस येस' म्हणालात, तर थांबायला नकार दिल्यासारखं होतं.

नावाचंही तसंच. आपले 'पाटील सर' इंग्रजी पत्रात 'सर पाटील' करू नयेत. तो सरदारकीचा किताब होतो. 'मिस्टर पाटील' ठीक. ओळख करून देताना 'मायसेल्फ सुनील' टाळावं. 'आय ॲम सुनील' पुरतं.

मराठीत येऊन स्थायिक झालेले इंग्रजी शब्द ही आपली मोठी शिल्लक, आणि फसगतही तिथेच होते. पौड रस्त्यावर मिसळ मिळते ते 'हॉटेल'. परदेशी पाहुण्याने हॉटेल विचारलं तर त्याला मुक्कामाची जागा हवी असते, मिसळीची नव्हे. 'लाइट गेली' म्हणजे वीज गेली, इंग्रजीत 'द पॉवर इज आउट'. गावाकडे 'फॅमिली घेऊन आलोय' म्हणणाऱ्याची बायको सोबत असते. इंग्रजीत त्या शब्दात पोरंबाळं आणि आईवडीलही येतात. वर्गात 'सर, डाउट आहे' म्हणणं आपल्याकडे अंगवळणी पडलं आहे, पण अमेरिकेत शिकायला गेलेल्या मुलाने प्राध्यापकाला 'आय हॅव अ डाउट' म्हटलं, तर त्यांच्या सांगण्यावरच त्याचा विश्वास नाही असा वास येतो. तिथे 'क्वेश्चन' विचारावा. 'मी २०१५ ला पास आउट झालो' हे तिकडे बेशुद्ध पडण्याचं वर्ष ठरतं, 'ग्रॅज्युएटेड' म्हणावं.

याचा अर्थ आपली भारतीय इंग्रजी सगळीच टाकाऊ, असं मुळीच नाही. 'प्रीपोन' हा आपल्याकडचा शब्द ऑक्सफर्डच्या कोशाने घेतला आहे, आणि 'पोस्टपोन'च्या उलट काय म्हणायचं या अडचणीवर तो नामी तोडगा आहे. 'डू द नीडफुल' चुकीचं नाही, जुन्या कचेरीतलं आहे इतकंच. पुण्यातल्या सहकाऱ्याला ते कळतं, लंडनच्या ग्राहकाला नेमकं काय करायचं ते कळत नाही. ऐकणारा कोण, त्यावर ठरवावं.

लक्षात कसं ठेवायचं, हे थोडक्यात. हेर्मान एबिंगहाउस या जर्मन संशोधकाने १८८५ मध्ये स्वतःवरच प्रयोग करून दाखवलं की पाठ केलेलं बरंचसं पहिल्या काही तासांतच निसटतं, आणि पुढे गळतीचा वेग मंदावतो. म्हणून एका बैठकीत वीस वेळा घोकण्यापेक्षा आज, उद्या, चार दिवसांनी, पंधरवड्याने अशी उजळणी फळते. आणि उजळणी म्हणजे वहीवरून नजर फिरवणं नव्हे. इंग्रजी बाजू हाताने झाकायची, मराठी वाचायचं, आणि तोंडाने मोठ्याने म्हणायचं. आठवायला त्रास झाला पाहिजे. तो त्रासच शब्द रुजवतो. वहीत सुटा शब्द लिहू नका. 'रेन' नको, 'हेवी रेन' लिहा. 'डिसिजन' नको, 'मेक अ डिसिजन' लिहा.

राहता राहिली जमीन. मुळशीत इंग्रजी शब्दाची किंमत सर्वात आधी कळली ती जमिनीच्या पायी. टाटांच्या धरणासाठी जमिनी जाऊ लागल्या, त्याविरुद्ध १९२१ मध्ये सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली मुळशीचा सत्याग्रह उभा राहिला. बापट एडिंबरोला शिकून आलेले. ज्यांची खाचरं जात होती त्या मावळ्यांना इंग्रजीचं अक्षर ठाऊक नव्हतं. भूसंपादनाचा त्या वेळचा कायदा १८९४ चा, मूळ इंग्रजीतला, आणि त्याच्या गाभ्याशी दोन शब्द होते: 'पब्लिक पर्पज'. फाटकाच्या रजिस्टरातला तोच 'पर्पज'.

आज जमीन संपादनापेक्षा करारानेच जास्त हलते, आणि विकसनाचे करारनामे बऱ्याचदा इंग्रजीत असतात. पौडच्या दुय्यम निबंधकाकडे जाण्यापूर्वी मुळशीकराला चार शब्द तरी पक्के हवेत. 'ॲग्रीमेंट टू सेल' म्हणजे साठेखत, 'सेल डीड' म्हणजे खरेदीखत. मधलं 'टू' भविष्याकडे बोट दाखवतं, विकण्याचं ठरलंय, विकलेलं नाही. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम ५४ प्रमाणे नुसत्या विक्रीच्या कराराने मिळकतीत हक्क निर्माण होत नाही. 'जनरल पॉवर ऑफ ॲटर्नी' म्हणजे कुलमुखत्यारपत्र. त्यावर जमीन विकत घेतली असं मानणाऱ्यांना सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये सूरज लॅम्प प्रकरणात स्पष्ट सांगितलं की त्याने मालकी बदलत नाही. पण त्या पत्राआधी 'इर्रिव्होकेबल' हा शब्द असेल तर ते आपल्या मर्जीने मागे घेता येत नाही, असा त्याचा रोख असतो. तो शब्द दिसला की पेन खाली ठेवून वकील गाठावा. 'लीव्ह अँड लायसन्स'मधला 'लीव्ह' म्हणजे परवानगी. ऑफिसातली 'लीव्ह'ही तीच, कामावर न येण्याची परवानगी.

आणि सर्वात लहान शब्द सर्वात शेवटी तपासा. करारात 'शॅल' असेल तिथे ते करणं बंधनकारक, 'मे' असेल तिथे करणाऱ्याची खुशी. समजा मसुद्यात असं आहे: 'द ओनर शॅल हँड ओव्हर पझेशन विदिन थर्टी डेज' आणि चार ओळी खाली 'द डेव्हलपर मे पे द बॅलन्स अमाउंट ऑन कम्प्लिशन'. मालकाने तीस दिवसांत ताबा द्यायलाच हवा, आणि बिल्डरने उरलेले पैसे काम पुरं झाल्यावर दिले तर दिले. पेन्सिल घ्या, पानोपानी 'शॅल' आणि 'मे' यांभोवती गोल करा, आणि प्रत्येकाशेजारी लिहा, हा कुणाच्या वाट्याला आलाय. तुमच्या नावापुढे सगळे 'शॅल' आणि समोरच्याच्या नावापुढे सगळे 'मे' पडले असतील, तर पैशाच्या कलमातला 'मे' खोडून तिथे 'शॅल' घालायला सांगा, आणि त्यापुढे 'बाय' लावून तारीख लिहून घ्या.